नव्याच्या खोक्यात जुनं

त्या गॅरेजात एक रीत होती. गाडीला नवा भाग बसवला की काढलेला जुना भाग रॉकेलमध्ये धुवायचा, फडक्याने कोरडा पुसायचा, वरून तेलाचं बोट फिरवायचं आणि नवा ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यात जुना ठेवून द्यायचा. खोकं वाया जात नाही, भाग गंजत नाही. मग झाकणावर निळ्या पेन्सिलीने एक आडवी रेघ. रेघ असली म्हणजे आत जुनं. तात्यांनी ही रीत घालून दिली आणि तात्या गेल्यावर त्यांच्या थोरल्या लेकीने ती तशीच पुढे चालवली.

या थोरल्या लेकीला सगळी गल्ली मावशी म्हणायची. खरं तर ती एकाच मुलीची मावशी, धाकट्या बहिणीच्या लेकीची. पण ती मुलगी शाळा सुटली की गॅरेजात येऊन "मावशी, कुठला पाना देऊ?" म्हणत नाचायची. तिचं ऐकून टॅक्सीवाले, दूधवाले, बँकेतले साहेब सगळेच मावशी म्हणायला लागले. मुलीला कुणी एका जागी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. आता भिंगरी चांगली तिशीला आलेली, दंड असे की घट्ट बसलेल्या नटाने तिला बघूनच सैल व्हावं. मावशीचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून गाडीखाली शिरायचं काम भिंगरीचंच. मावशीला मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे गॅरेज भिंगरी चालवणार हे तिने मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

फक्त मागच्या खोलीवरून दोघींची रोज वाजायची.

मागच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर खोकीच खोकी. घासून पापुद्रा झालेले ब्रेक, दात गेलेली चक्रं, थकलेले पंप, खुळखुळणारी बेअरिंगं. ज्या गाड्यांचं ते सामान, त्यातल्या निम्म्या कधीच मोडीत निघाल्या होत्या.

"मावशी, हे काढ बाई आता," भिंगरी म्हणायची. "ह्या गाड्या हल्ली बनतसुद्धा नाहीत."

"म्हणूनच तर ठेवायचं. बनत नाहीत, मग भाग कुठून आणशील?"

"अगं, झिजला म्हणूनच काढला ना आपण तो?"

"झिजलाय. मेला नाहीये."

यावर भिंगरी हात जोडायची आणि गाडीखाली निघून जायची.

मुळात ते घरच तसं होतं. दोघी बहिणींची आई साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची. पुडीचा दोरा सुटला की गुंडाळून दोऱ्याच्या गोळ्यात जमा व्हायचा, आणि तो गोळा एवढा मोठा झाला होता की मुली त्याच्याशी चेंडूसारखं खेळायच्या. आलेली पाकिटं उलटून पुन्हा चिकटवली जायची. धाकटीने लग्न होऊन सासरी गेल्यावर पहिलं काम काय केलं असेल? एक कोरा साबण पाण्याच्या तांब्यात टाकला आणि तो विरघळेपर्यंत समोर बसून राहिली. "असं सुख आयुष्यात मिळालं नाही," असं ती आजही सांगते.

थोरलीला मात्र त्या काटकसरीचा कधी काच झाला नाही. तिने तात्यांचे ते दिवस पाहिले होते. सुटे भाग बाहेरून यायचे आणि एकदा ते यायचेच बंद झाले. गावातल्या गाड्या एकेक करून अंगणात उभ्या राहिल्या, त्यांच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. तेव्हा इस्पितळाची रुग्णवाहिका बंद पडली. तात्यांनी मागच्या खोलीतून तीन मेलेले क्लच काढले, दिवसभर ऐरणीवर ठोकत बसले आणि तिन्ही मिळून एक जिवंत केला. तेव्हाची ही थोरली परकरात वायसर धरून शेजारी बसली होती. रुग्णवाहिका भोंगा वाजवत गॅरेजाबाहेर पडली तेव्हा तात्या नुसते हात पुसत म्हणाले, "बघितलंस? टाकलं असतं तर?"

ते "टाकलं असतं तर" तिच्या हाडात मुरलं होतं. काहीही टाकायला हात उचलला की ते शब्द आडवे यायचे.

आणि मग नर्सबाईंची गाडी दोरीने ओढत आली.

नर्सबाई म्हणजे घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधणाऱ्या, सुया देणाऱ्या बाई. गाडी जुनी, पण त्यांचे पाय म्हणजे ती गाडीच. आठवड्यापूर्वी भिंगरीने तिच्या मागच्या चाकातला ब्रेकचा सिलिंडर बदलला होता. अंगठ्याएवढी वस्तू असते ती. पाय दाबला की तेल तिच्यात येतं आणि तिच्या जोरावर ब्रेक चाकाला धरतो. तिचं आतलं रबर गेलं की तेल बाहेर, आणि पाय नुसताच खाली जातो. तसाच तो उतारावर खाली गेला होता. नर्सबाईंनी हातब्रेक ओढला, गाडी रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घातली आणि वाचल्या. टॅक्सीवाल्याने गाडी ओढत आणली.

नर्सबाई गाडीतून उतरल्या. आवाज चढवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या, पण ओठ पांढरे पडले होते.

"मावशी, मागच्या सीटवर एक आजी होत्या. इस्पितळात कंबरेचं हाड जोडून घेतलं, त्यांना घरी सोडत होते मी."

"लागलं का त्यांना?"

"नाही. त्या विचारत होत्या, आलं का घर." नर्सबाईंनी भिंगरीकडे पाहिलं. "नवा सिलिंडर टाकला म्हणाली होतीस ना?"

"नवाच टाकला होता, बाई," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज तिचाच वाटत नव्हता.

चाक उतरवलं. आत सगळं तेलाने निथळत होतं. मावशीने सिलिंडर पुसून बोटांत फिरवला. रबराच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. आठवड्यात रबर असं होत नाही. त्याला वर्षं लागतात.

आता त्या घरात खोकं टाकायची पद्धत नव्हती, हे तर झालंच. त्यामुळे ज्या खोक्यातून हा सिलिंडर आला ते खोकं ओट्यावरच होतं, आणि भिंगरीने रीतीप्रमाणे काढलेला जुना सिलिंडर धुऊनपुसून त्यातच ठेवला होता; झाकणावर रेघ तेवढी मारायची राहिली होती. मावशीने दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. काढलेला आणि बसवलेला, दोघेही सारखेच म्हातारे. तिने झाकण उजेडात तिरकं धरलं. तेलकट बोटांनी पुसून पुसून गेलेली, पण अजून अंधुक दिसणारी निळी रेघ तिथे होती.

खोकं पुढच्या फळीवर, नव्या मालात कसं आलं तेही तिला तत्क्षणी कळलं. पुढच्या फळीला वाळवी लागली तेव्हा सुताराने ती काढून नेली होती, आणि तेवढे दिवस नवा माल मागच्या खोलीत दाराशी रचला होता. फळी परत आल्यावर खोकी मावशीनेच उचलून लावली होती. स्वतःच्या हातांनी.

"बाई, चूक आमच्या घरातली आहे," ती नर्सबाईंना म्हणाली. "नवं म्हणून जुनं बसलं. ते खोकं मी लावलं होतं, हिने नाही. गाडी उद्या दुपारनंतर तयार होईल. तोवर टॅक्सीवाले तुम्हाला जिथे सांगाल तिथे सोडतील."

"हो, हो, सोडतो की," टॅक्सीवाला म्हणाला.

नर्सबाईंनी जराशाने मान हलवली. "तात्यांच्या वेळेपासून येते मी इथे. उद्या गाडी न्यायला येईन. पुढचं मग बघते." एवढंच बोलून त्या टॅक्सीत बसल्या.

भिंगरीने अंगातला निळा डगला काढून खिळ्याला अडकवला.

"कुठे चाललीस?"

"घरी. मावशी, मी आता ब्रेकला हात लावणार नाही."

"अगं, पण चूक तुझी नाहीये, सांगितलं ना मी."

"रबर मी बघितलं नाही. खोक्यावर विश्वास ठेवला. इथे वाढलेय मी, मला माहीत नव्हतं का या घरातल्या खोक्यात काय असतं ते?" तिने डोळे मनगटाने पुसले, गालाला काळं लागलं. "टायरच्या दुकानात माणूस हवाय. हवा भरायची, पंक्चर काढायचं. त्याने कुणी मरत नाही."

"भिंगरे, वेड्यासारखं करू नकोस."

"मग ती खोली रिकामी कर."

"करते."

भिंगरी हसली, पण त्या हसण्यात काही गोड नव्हतं. "तू? तू बाटलीचं बूच टाकायला दोन दिवस घेतेस. मी आता जाताना टायरवाल्याशी बोलते, उद्या संध्याकाळी नक्की सांगते म्हणून. दुपारी येऊन बघेन. भरलेली दिसली तर तशीच परत फिरेन, आणि मग हाका मारू नकोस."

ती गेली. मावशी ओट्याला टेकून उभी राहिली. भिंगरी गेली की गॅरेज गेलं, हे सांगायला दुसरं कुणी नको होतं. पण त्याहीपेक्षा एक गोष्ट छातीत रुतली होती. एवढी हाताची पक्की पोर, तिला स्वतःच्या हातांची भीती वाटायला लागली होती, आणि ती भीती या खोलीने दिली होती.

सकाळी मावशीने कंबर कसली. पण सवय इतक्या सहज जाते होय? तिने काय केलं, तर लाल रंगाचा डबा शोधून काढला आणि एकेक खोकं घेऊन त्यावर भली मोठी फुली मारायला बसली. पेन्सिल पुसते, रंग पुसला जाणार नाही. झालं तर! खोलीही राहील आणि घोटाळाही होणार नाही. एक फळी झाली, दुसरी झाली. मध्येच धाकटीचा फोन वाजला.

"ताई, माझी लेक रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडली होती. काय करतेयस तू?"

"खोली आवरतेय."

"आवरतेयस की सजवतेयस?"

मावशीने कुंचला डब्याच्या काठावर निथळवला.

"ताई, तुला तो साबण आठवतो?"

"तुझ्या साबणाचं पुराण आता लावू नकोस, कामात आहे मी," म्हणून मावशीने फोन ठेवला.

पुढचं खोकं तिने उचललं, त्यात स्टिअरिंगचा सांधा होता. चाकं वळवणारा सांधा. झाकणावर रेघ नव्हती. रेघ पुसली गेली होती की मुळात नव्हतीच? तिने सांधा हातात घेऊन फिरवला. घट्ट लागला. पण जुनं ग्रीस सुकलं की म्हातारा सांधाही घट्टच लागतो. खिडकीशी जाऊन पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. तात्यांनी जुन्याला इतकं निगुतीने धुऊनपुसून ठेवलं होतं की ते नव्यासारखं झालं होतं. आयुष्यभर ज्या हातांनी हेच केलं, त्या हातांना सांगता येईना हे नवं आहे का जुनं.

ती तिथेच खाली बसली.

तात्यांना सांगता आलं असतं. खोलीतला एकेक तुकडा तात्यांच्या ओळखीचा होता, कुठल्या गाडीचा, कुठे दुखावलेला, अजून किती धावेल. जुन्यावर त्यांनी विश्वास ठेवला तो असा, माणसांना ओळखून ठेवतात तसा. शिवाय तेव्हा नवं मिळतच नव्हतं. आता ओळखणारा गेला होता, आणि नवा सिलिंडर मागवला की दुपारी दारात येत होता. राहिली होती ती नुसती अनोळखी खोकी, आणि त्यातल्या कशाने कुणाचा घात होईल हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मावशीने रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग फोन उचलला. पहिला फोन सुट्या भागांच्या दुकानाला, नर्सबाईंच्या गाडीच्या दोन्ही मागच्या चाकांचे सिलिंडर आणि नवे ब्रेक आजच पाठवा म्हणून. दुसरा भंगारवाल्याला.

भंगारवाल्याला सगळे चुंबक म्हणत. खरं लोखंड कुठलं ते तपासायला गळ्यात दोरीने एक चुंबक अडकवून तो हिंडायचा, आणि ओसरीवर पडलेल्या वस्तूंकडे बघायची त्याची नजरही तशीच चिकट होती. त्याने मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि छतापर्यंतच्या फळ्या बघून डोक्याला हात लावला.

"मावशी, इतकी वर्षं तुमच्या दारावरून रिकामी हातगाडी नेली मी. आज सूर्य कुठे उगवला म्हणायचा?"

"बडबड नको. खोकी वेगळी, लोखंड वेगळं. आणि ब्रेक, स्टिअरिंग यातलं काही गाडीत टाकायचं नाही. ते आधी माझ्याकडे."

"कशाला?"

मावशीने ऐरणीवर सिलिंडर ठेवला आणि घण हाणला. सिलिंडर दुभंगला.

"अहो, अहो!" चुंबक पुढे धावला. "चांगला माल फोडताय!"

"चांगला असता तर गाडीत असता."

"असा अख्खा द्या हो. मी काय खाणार आहे का तो?"

"तू नाही खाणार. तू पुढे देशील, तो आणखी पुढे देईल. मग कुणीतरी त्याला पॉलिश मारून कोऱ्या खोक्यात घालेल, आणि ते खोकं माझ्या भिंगरीसारख्या एखाद्या पोरीच्या हातात जाईल. फुटका न्यायचा असेल तर ने. नाहीतर मी दुसरा बोलावते."

चुंबकाने गळ्यातला चुंबक मागे पाठीवर टाकला आणि मुकाट्याने खोकी काढायला लागला.

घण जड होता. मावशीचे खांदे थोड्याच वेळात भरून आले, पण ती थांबली नाही. चुंबक म्हणाला, "द्या इकडे, मी फोडतो." ती म्हणाली, "मला बघून फोडायचंय." मग दोघांत ठरलं, तो पकडीने धरायचा आणि ती हाणायची. प्रत्येक घावाला आतून कुणीतरी म्हणायचं, टाकलं असतं तर? आणि ती मनातल्या मनात म्हणायची, टाकलं असतं तर त्या उतारावर त्या आजीचा जीव धोक्यात आला नसता. हळूहळू तो आवाज दमला. खांदे मात्र कामात राहिले.

सगळ्यात खालच्या फळीवर तो क्लच निघाला, तीन मिळून केलेला. रुग्णवाहिका मोडीत काढली तेव्हा तात्यांनी तो उतरवून आणला होता. मावशीने तो मांडीवर घेतला. चुंबक शहाणा, तो बाहेर जाऊन हातगाडी बांधत बसला.

हा एक ठेवावा, असं तिला फार वाटलं. भिंतीवर टांगावा. मग तिने तात्यांचा चेहरा आठवून पाहिला आणि तिला हसूच आलं. भिंतीवर क्लच? तात्यांनी विचारलं असतं, तिथून कुठल्या गाडीला गिअर लागतो? आठवण म्हणून एक खिळासुद्धा त्यांनी कधी ठेवला नव्हता. पुन्हा लागेल, एवढ्या एकाच कारणाने त्या माणसाने वस्तू ठेवल्या. आता हा कुणालाच लागणार नव्हता. ती उठली आणि स्वतः तो हातगाडीत नेऊन ठेवला.

सगळंच काही गेलं नाही. दारांच्या मुठी, काचा वरखाली करायचे दांडे, दिव्यांच्या काचा, आरशांच्या चौकटी, ज्यांच्या झिजण्याने कुणाच्या जिवाला धोका नाही असं सामान तिने एका फळीवर मांडलं. उघडं, बिनखोक्याचं. खोकी दाबून चपटी केली आणि त्यांचा गठ्ठा बांधायला दोरा शोधला. दोरा अर्थातच घरात होता.

दुपार कलली तेव्हा भिंगरी आली. गॅरेजात शिरली, मावशीशी न बोलता सरळ मागे गेली. रिकाम्या फळ्यांवरून तिने हात फिरवला. मग ती बाहेर आली. मावशी नर्सबाईंच्या गाडीजवळ स्टुलावर बसली होती, मनगटाला ओलं फडकं गुंडाळून.

"हाताला काय झालं?"

"काही नाही. घणाने पन्नाशी ओलांडलेल्यांचं ऐकायचं सोडलंय."

"पन्नाशी? बरं." भिंगरी तिच्यासमोर उभी राहिली. "एकटीने केलंस?"

"चुंबक होता. फोडायला नको म्हणून रडत होता." मावशीने दुकानातून आलेला सिलिंडर तिच्यापुढे धरला. वरची मोहोर शाबूत होती. "तू फोड. तू बघ. रबर उघडून बघ, पटलं तरच बसव."

"मी म्हटलं होतं ना, ब्रेकला हात..."

"म्हटलं होतंस. मी पण आयुष्यभर बरंच काही म्हणत आले, कालपर्यंत. माझ्या मनगटाने हे आज होणार नाही, आणि नर्सबाईंना मी शब्द दिलाय. तुला टायरवाल्याकडे जायचं तर जा, मी अडवणार नाही. पण हे काम अर्धं टाकून जाऊ नकोस. भीती घेऊन गेलीस तर तिथेही ती टायरखाली बसून राहील."

भिंगरीने मोहोर फोडली. सिलिंडर उघडला, रबर बोटावर घेऊन उजेडात धरलं, दाबून पाहिलं, पुन्हा उलटसुलट करून पाहिलं. मग खिळ्यावरचा डगला घातला आणि चाकाशी बसली. नट पान्यात आला आणि तिचे हात कामाला लागले. दुसऱ्या बाजूचाही तिने काढून बदलला, न विचारता.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकाशी. मावशी आत बसली.

"दाब," भिंगरी खालून म्हणाली.

मावशीने दाबलं.

"धर. धर... सोड. पुन्हा दाब."

"अगं, गुडघा!"

"धर म्हटलं ना, सोडू नकोस!"

मावशीने गुडघ्याला गप्प केलं आणि धरलं. पेडल हळूहळू पायाखाली कठीण होत गेलं, भिंतीसारखं.

नर्सबाई आल्या तेव्हा दोघी हात पुसत उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं.

"कुणी केलं काम?"

"मी," भिंगरी म्हणाली.

"मग तूच चालव. मी शेजारी बसते. त्याच उतारावर."

भिंगरीने मावशीकडे वळून पाहिलं. मावशीने काही खूण केली नाही. जिने जायचं होतं तिनेच ठरवायला हवं होतं. भिंगरी गाडीत बसली, किल्ली फिरवली.

गाडी कोपऱ्यावर वळली. मावशी दारात उभी राहिली. तिला बसवेना. रस्त्यावरून टॅक्सीवाला गेला, "मावशी, चहा?" म्हणाला, तिने ऐकलंही नाही. तिचा जीव टांगणीला लागला होता, पण सिलिंडरबद्दल तिला शंका नव्हती. त्या उतारावर पोरीचा पाय भितो का, एवढंच तिला कळायचं होतं.

गाडी परत आली. सावकाश नाही, चांगली वेगात आली आणि गॅरेजासमोर जिथे थांबायची तिथे चाक न घसरता थांबली. भिंगरीच्या कपाळावर घाम होता. नर्सबाईंनी उतरून तिच्याकडून किल्ली घेतली.

"उतारावर तीनदा थांबवायला लावली मी हिला," त्या मावशीला म्हणाल्या. "तिसऱ्यांदा चिडली माझ्यावर." मग भिंगरीकडे वळल्या. "पुढची चाकंही बघायला हवीत. पुढच्या महिन्यात आणते. तू असशील ना?"

भिंगरीने कपाळावरचा घाम बाहीने पुसला.

"आणा," ती म्हणाली.

नर्सबाई गेल्या. भिंगरी मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तिने पावलं टाकत भिंत मोजायला सुरुवात केली.

"इथे ओटा बसेल. आणि खिडकी मोठी करायची, इथलं काम उजेडात झालं पाहिजे. मावशी, नवा माल पुढे नको, इथेच ठेवू, म्हणजे..." ती थांबली. "थांब, आधी टायरवाल्याला सांगते, येत नाही म्हणून."

मावशीला खूप काही बोलायचं होतं.

"आधी हात धू," ती म्हणाली. "फोन तेलकट होईल."